जुन्या शॅम्पेनची सगळी भिस्त बुचावर

लेबलवर १९८८ छापलंय म्हणजे द्राक्षं १९८८च्या हंगामातली, एवढंच त्यावरून कळतं. बाटलीतली वाइन आज कशी असेल, हे सांगायला ते एक साल पुरत नाही. जुनी विंटेज, म्हणजे एकाच सालच्या द्राक्षांची, शॅम्पेन उघडायला घेण्याआधी आणखी एक तारीख शोधावी लागते: या बाटलीला आत्ताचं बूच कधी बसलं?

शॅम्पेन दुसऱ्यांदा आंबते ती बाटलीतच. तयार वाइनमध्ये लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. दर ४ ग्रॅम साखरेमागे सुमारे एक वातावरण दाब तयार होतो, म्हणजे एकूण सहाच्या आसपास. काम संपलं की यीस्ट मरतं आणि गाळ होऊन बसतं. हा गाळ फार मोलाचा आहे. आत शिरणारा थोडाफार ऑक्सिजन तो शोषून घेतो, आणि स्वतः विरघळत जाताना वाइनला ब्रेडसारखा, बिस्किटासारखा वास देतो. विंटेज शॅम्पेन बाटलीत भरल्यापासून किमान तीन वर्षं बाहेर काढता येत नाही, असा नियम आहे. शॅम्पेन बनवणारी मोठी घराणी सहा-आठ वर्षं सहज थांबतात. मग बाटलीची मान गोठवून गाळ उडवून टाकतात, थोडं गोड मिश्रण घालतात आणि खरं बूच ठोकतात. गाळ काढण्याच्या या क्रियेला देगोर्जमां म्हणतात. तोवर गाळाच्या आसऱ्याला असलेली वाइन त्या दिवसापासून फक्त बुचाच्या भरवशावर उरते.

म्हणून एकाच घराण्याच्या, एकाच सालच्या दोन बाटल्या सख्ख्या बहिणींसारख्या असतीलच असं नाही. १९९६ साली गाळ काढलेली १९८८ आज मध, सुका मेवा आणि आळंबीच्या वळणावर गेलेली असते. २०१० साली गाळ काढलेली तीच वाइन अजून लिंबाच्या सालीसारखी तरतरीत लागू शकते. बोलँजे घराण्याच्या आर. डी., म्हणजे उशिरा गाळ काढलेल्या, बाटल्यांवर ही तारीख छापलेली असते. दों पेरिन्योंची पी-२ मालिका याच उशिरा गाळ काढण्याच्या तत्त्वावर उभी आहे. क्रुगच्या अलीकडच्या बाटल्यांवर मागच्या लेबलवर सहा आकडी क्रमांक असतो; त्यातला पहिला आकडा तिमाही आणि पुढचे दोन आकडे साल सांगतात. जुन्या बाटल्यांवर बहुधा काहीच छापलेलं नसतं. तिथे उत्तर बूच बाहेर आल्यावरच मिळतं.

हे बूच साधं नसतं. बुचाच्या चुऱ्याचा दाबून केलेला दांडा आणि वाइनला टेकणाऱ्या टोकाला अखंड बुचाच्या एक-दोन चकत्या, अशी त्याची रचना असते. बसवण्याआधी त्याचा व्यास सुमारे ३१ मिलिमीटर असतो आणि ते जेमतेम १८ मिलिमीटरच्या मानेत दाबून घुसवतात. बाहेर राहिलेला भाग फुगून आळंबीच्या टोपीसारखा होतो. नव्या बाटलीचं बूच काढलं की खालचा भाग घागऱ्यासारखा पसरतो. जुन्या बाटलीतलं बूच पसरत नाही, खुंटीसारखं सरळ, बारीक राहतं. वर्षानुवर्षं दाबून राहिल्यामुळे त्याची उसळी संपलेली असते. उसळी संपलेलं बूच काचेला घट्ट धरत नाही. वायू हळूहळू बाहेर झिरपतो आणि ऑक्सिजन आत येतो. जुन्या शॅम्पेनचं सगळं सुख आणि सगळं दुःख या दोन वाटांमधूनच येतं.

फ्रान्समधल्या रँसच्या विद्यापीठातले जेरार लिजे-बेलेअर यांनी शॅम्पेनच्या बुडबुड्यांवर अनेक वर्षं काम केलंय. ताज्या शॅम्पेनमध्ये लिटरमागे ११-१२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो अडीच ग्रॅमच्या आसपास उतरला की ग्लासात बुडबुडे उठेनासे होतात. त्यांच्या हिशोबाने नेहमीची ७५ सेंटिलिटरची बाटली या टप्प्यावर यायला सुमारे ४० वर्षं घेते, तर मॅग्नम सुमारे ८०. कारण सरळ आहे: दीड लिटरची मॅग्नम वाइनने दुप्पट, पण मान मात्र तेवढीच. निवड करायला मिळाली तर जुनी शॅम्पेन मॅग्नममधलीच घ्यावी, यात मला तरी शंका नाही. अर्धी बाटली, म्हणजे ३७.५ सेंटिलिटरची, जुनी असेल तर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

आता बाटली हातात घ्या. उभी धरून उजेडासमोर पातळी बघा. वाइन मानेतच असेल तर उत्तम. खांद्यापर्यंत उतरली असेल तर बुचाने दगा दिलाय हे समजून चाला. तरीही ती टाकून देऊ नका, अशा काही बाटल्या आश्चर्य वाटावं इतक्या छान निघतात. फॉइलच्या कडेला चिकट, तपकिरी ओघळ दिसले तर कधीतरी गळती झालेली आहे, बहुतेक वेळा उष्णतेमुळे. रंगही बघा. वीस-तीस वर्षांनी सोनेरी व्हायलाच हवी, जुन्या पितळेसारखी छटाही चालते. चहासारखी तांबूस-तपकिरी आणि वर निस्तेज असेल तर आशा कमी.

पांढऱ्या पारदर्शक काचेतल्या बाटलीबद्दल जास्त सावध राहायला हवं. प्रकाशातल्या निळ्या आणि अतिनील भागामुळे वाइनमधल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वामार्फत गंधकाची दुर्गंधी देणारी संयुगं तयार होतात. रोडरेर घराण्याची क्रिस्टाल शॅम्पेन पिवळसर सेलोफेनमध्ये गुंडाळलेली येते ती याचसाठी. तो कागद टेबलावर ठेवायच्या क्षणापर्यंत काढू नका. ट्यूबलाइटखाली कपाटात शोभेला उभी राहिलेली जुनी बाटली, कितीही मोठ्या नावाची असली तरी, मी विकत घेण्याचा सल्ला देणार नाही.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, चाळीस वर्षांपुढची असेल तर दोन दिवस आधी. गाळ काढलेल्या बाटलीतही जुनेपणी थोडा साका तयार होतो. तो तळाशी बसलेला बरा, कारण प्रत्येक कण बुडबुड्यांना जन्म देतो आणि आधीच कमी उरलेला वायू भसाभस निघून जातो. बाटली हलवू नका, प्रवासातून आलेली असेल तर काही आठवडे विसावू द्या.

ताजी शॅम्पेन ८ अंशांवर छान लागते. वीस वर्षांपुढची १० ते १२ अंशांवर द्यावी, फार जुनी १३-१४ वरही. मात्र उघडायच्या वेळी ती याहून थोडी गार, ८-९ अंशांवर असू द्या. गार वाइन वायू धरून ठेवते, दाब कमी असतो, आणि ग्लासात तापमान आपसूक वर चढतंच. निम्मं पाणी, निम्मा बर्फ असलेल्या बादलीत वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात बाटली नीट गार होत नाही, काचेला पाणी लागावं लागतं. मानही गार व्हायला हवी. ती बाहेर राहिली तर बूच ऐन वेळी जोरात सुटतं. फ्रीझरमध्ये बाटली घालणं हा जुगार आहे, तो खेळू नये.

टेबलावर इतक्या गोष्टी आधीच मांडून ठेवा: जाडसर कोरडा पंचा, ओलं फडकं, छोटी साधी पक्कड, लांब आणि बारीक स्क्रूचा कॉर्कस्क्रू, दोन पात्यांचा बूचकाढणा, स्टीलची बारीक गाळणी, आणि रिकामा काचेचा जग. नव्या बाटलीला यातलं काही लागत नाही. जुन्या बाटलीला यातलं काय लागेल हे आधी सांगता येत नाही, आणि बूच अर्धवट तुटल्यावर स्वयंपाकघरात धावायला वेळ नसतो.

फॉइल पूर्ण काढून टाका. १९९०च्या आधीच्या कितीतरी बाटल्यांवर शिसं असलेलं आवरण असायचं, म्हणून बाटलीची कड आणि तारेखालचा भाग ओल्या फडक्याने नीट पुसून घ्या. त्याखाली तारेची जाळी दिसेल. ती सोडवायला कडीला सहा अर्धे वेढे उलटे द्यायचे. जुनी तार गंजलेली असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेढ्यालाच कडी तुटून हातात येते. अशा वेळी नखांनी ओढाओढ करू नका, पकडीने खालचा वेढा तोडा. हे सगळं चालू असताना एक अंगठा बुचावर दाबलेलाच हवा. चाळीस वर्षांच्या बाटलीतला दाब संपलेला असेल असं गृहीत धरून लोक अंगठा काढतात आणि नेमक्या त्याच बाटलीत तीन वातावरणं दाब शिल्लक असतो. तोंड माणसांकडे, दिव्याकडे, काचेकडे करायचं नाही, हा नियम वय पाहून सैल होत नाही.

नव्या बाटलीची जाळी सैल करून बुचावरच ठेवतात, पकड चांगली मिळते. जुन्या बाटलीची मी पूर्ण काढायला सांगतो, कारण गंजलेली तार ठिसूळ बुचात रुतून त्याचं डोकं पोखरते. शिवाय बूच कुठे सुकलंय, कुठे काळं पडलंय हे डोळ्यांनी दिसायला हवं.

आता बाटली ४५ अंशांत तिरपी धरा. डाव्या हातात पंचासकट बूच, उजव्या हातात बाटलीचा बूड. बूच स्थिर ठेवून बाटली फिरवायची. पहिली हालचाल अगदी केसभर असावी, घड्याळाच्या काट्याच्या एका मिनिटाएवढी, आणि लगेच उलट दिशेला तेवढीच. वर्षानुवर्षं काचेला चिकटलेलं बूच या हलक्या झुलवण्याने सुटतं. एका दिशेने जोर लावून पिळलं तर टोपी हातात येते आणि दांडा मानेतच राहतो. जुनी बाटली उघडताना होणारी ही सगळ्यात नेहमीची चूक आहे, आणि ती घाईतूनच होते. पाच-सहा वेळा झुलवूनही काही हललं नाही, तर मानेभोवती कोमट पाण्यात पिळलेलं फडकं वीस सेकंद धरा. काच किंचित प्रसरते आणि पकड सुटते. बूच हलायला लागलं की ते बाहेर ओढायचं नाही, उलट त्याला अडवून धरायचं. शेवटच्या क्षणी ते किंचित तिरकं करा म्हणजे वायू एका बाजूने निसटेल. आवाज सुस्काऱ्याएवढाच व्हायला हवा. फार जुन्या बाटलीत तोही ऐकू येत नाही, आणि त्यावरून वाइन मेली असा अर्थ मुळीच निघत नाही.

बूच तुटलंच तर? बाटली सरळ उभी करा आणि दोन मिनिटं काहीही करू नका. आत दाब किती उरलाय हे तुम्हाला माहीत नाही, त्यामुळे दांडा आपोआप उडू शकतो. मान पंचाने गुंडाळा, चेहरा बाजूला ठेवा. मग कॉर्कस्क्रूचं टोक बरोबर मध्यावर टेकवून, दाब न देता, फक्त फिरवत आत न्या. स्क्रू बुचाच्या पार गेला की बारीक सिस्कारा ऐकू येतो. तिथे थांबा. आवाज पूर्ण बंद होईपर्यंत पुढचा वेढा द्यायचा नाही. वायू निघून गेल्यावर दांडा साध्या वाइनच्या बुचासारखाच होतो आणि सावकाश उभा वर खेचता येतो. तो भुसभुशीत असेल, स्क्रूभोवती चुरा पडत असेल, तर स्क्रू तसाच ठेवून दोन पात्यांचा बूचकाढणा काचेच्या आणि बुचाच्या मधून दोन्ही बाजूंनी सरकवा आणि दोन्ही मिळून फिरवत वर घ्या. सगळंच हाताबाहेर गेलं आणि तुकडे आत पडले, तर गाळणीतून जगात ओता. थोडे बुडबुडे जातील, वाइन वाचेल. फुंकर मारून किंवा सुरीने खरवडून तुकडे काढत बसू नका.

बूच बाहेर आलं की आधी त्याच्याकडे बघा. खुंटीसारखं बारीक, पण बाजू स्वच्छ आणि खालची चकती ओलसर असेल तर त्याने आपलं काम केलंय. बाजूने वरपर्यंत गडद रेघ गेली असेल तर वाइन तिथून झिरपत होती. फार जुन्या सालच्या बाटलीत जर बूच अजून पसरट घागऱ्यासारखं निघालं, तर गाळ उशिरा काढलेला असणार, आणि लेबल गप्प असलं तरी तारखेचा अंदाज तुम्हाला इथे मिळतो. वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघरातल्या बुरशीचा वास म्हणजे टीसीए या संयुगाची बाधा. त्यावर उपाय नाही आणि वेळ दिल्याने ती जात नाही, वाढतेच.

ग्लास उंच, अरुंद नको. त्यात वास कोंडतो. पसरट वाटीसारखा तर नकोच, त्यात उरलासुरला वायू मिनिटांत जातो. पांढऱ्या वाइनचा मध्यम आकाराचा, वर निमुळता होत जाणारा ग्लास योग्य. तो फक्त गरम पाण्याने धुऊन सुती कापडाने पुसा. साबणाचा अंश राहिला तर बुडबुडे विरतात. बुडबुडे जन्म घेतात ते ग्लासला चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंमध्ये अडकलेल्या हवेतून, म्हणून कापडाने पुसलेला ग्लास जुन्या शॅम्पेनला मदतच करतो. ग्लास तिरपा धरून काचेच्या कडेने ओता. सरळ ओतण्यापेक्षा वायू जास्त टिकतो. पहिल्या फेरीत प्रत्येकाला ६०-७० मिलिलिटर पुरे.

आणि आता खरी परीक्षा धीराची. जुन्या शॅम्पेनचा पहिला वास बरेचदा वाईट असतो: बंद खोलीचा, विझलेल्या काडीचा, उकडलेल्या कोबीचा. तो बहुधा गंधकाच्या संयुगांचा असतो आणि पाच-दहा मिनिटांत उडून जातो. पंधरा-वीस मिनिटांनी भाजलेला ब्रेड, कॉफी, हेझलनट वर येतात. अर्ध्या तासाने मध, सुकं अंजीर, संत्र्याची वाळलेली साल, आणि शार्दोने ही पांढरी द्राक्षं जास्त असतील तर लोणी. पिनो न्वार ही काळी द्राक्षं जास्त असलेल्या वाइनमध्ये आळंबी आणि ओल्या पानांचा वास अधिक. भाजल्याचा हा वास नुसत्या यीस्टमधून येत नाही. गाळ काढल्यावर घातलेली साखर आणि यीस्टने सोडलेली अमिनो आम्लं तळघराच्या गारव्यात वर्षानुवर्षं सावकाश एकमेकांशी झुंजतात. ब्रेडचा पापुद्रा तांबूस होतो तीच ही मायार प्रक्रिया. पूर्वी ब्रूत, म्हणजे कोरड्या, शॅम्पेनमध्ये लिटरमागे १५ ग्रॅमपर्यंत साखर चालायची, आता मर्यादा १२ आहे. त्यामुळे जुन्या बाटल्यांमध्ये हा भाजका गोडवा अधिक का सापडतो, ते कळतं.

तोंडात घेतल्यावर बुडबुडे शोधत बसू नका, आंबटपणा शोधा. तो वाइनचा कणा आहे. वास कितीही म्हातारा झालेला असो, जिभेच्या कडांना पाणी सुटत असेल आणि घोट गिळल्यावर चव दहा-पंधरा सेकंद टिकत असेल, तर वाइन जिवंत आहे. १९८८ आणि १९९६ ही साले त्यामुळेच टिकली. १९९६ मध्ये तर साखर आणि आम्ल दोन्ही विलक्षण वर होतं. १९७६च्या उन्हाळ्यातल्या वाइन मऊ, भरदार; २००३च्या उष्णतेच्या लाटेतल्या बहुतेकांना आंबटपणाच तोकडा. सालांचा असा अंदाज उपयोगी पडतो, पण साठवणीपुढे त्याचं काही चालत नाही. १० ते १२ अंशांच्या अंधाऱ्या तळघरात राहिलेली मध्यम सालची बाटली, गरम खोलीत राहिलेल्या थोर सालच्या बाटलीला नेहमी हरवते. २०१० साली फिनलंडच्या ओलांद बेटांजवळ बुडालेल्या जहाजात १६८ बाटल्या सापडल्या. सुमारे १७० वर्षं समुद्रतळाच्या थंड अंधारात राहूनही त्यांतल्या काही पिण्याजोग्या होत्या. त्यांत लिटरमागे १४० ग्रॅमहून जास्त साखर होती, तिचाही वाटा आहेच.

म्हातारी आणि मेलेली, यांतला फरक नेमका कुठे? अक्रोड, थोडी शेरी, कापून ठेवलेल्या सफरचंदाची किंचित झाक, हे सगळं वयाचं आहे आणि इतर वासांबरोबर असेल तर हवंहवंसं वाटतं. फक्त सडक्या सफरचंदाचा आणि व्हिनेगरचा वास राहिला, चव मध्येच तुटली आणि शेवटी कडवटपणा उरला, तर ऑक्सिजनने तिला संपवलंय. निकाल अर्ध्या तासाआधी देऊ नका. आणि उलटही घडतं: पहिल्या पाच मिनिटांत भरजरी वाटणारी साठ वर्षांची वाइन वीस मिनिटांत डोळ्यांदेखत कोसळते. म्हणून ग्लासातली सगळी एकदम संपवू नका, एकदम ठेवूनही देऊ नका. दर दहा मिनिटांनी एक छोटा घोट घ्या.

वाइन चवीला सुंदर आहे, पण बुडबुडे पूर्ण गेलेत, अशी बाटली निघाली तर जाणकारांची एक जुनी युक्ती आहे. ग्लासात चार भाग जुनी आणि एक भाग ताजी, कोरडी, साधी ब्रूत. आधी ताजी ओतायची, वरून जुनी. वायू आणि आंबटपणा परत येतो, वास जुन्याचाच राहतो. काहींना हा अधर्म वाटतो. मला वाटत नाही, फक्त आधी प्रत्येकाने जुनी वाइन तशीच चाखलेली असावी.

शेवटचे दोन बोटं बाटलीत राहू द्या. ते ओतायचेच असतील तर सगळ्यांचे ग्लास भरून झाल्यावर, वेगळ्या ग्लासात. साका असलेला हा घोट गढूळ आणि तुरट असतो, तरीही दाट मधाचा वास बरेचदा इथेच सगळ्यात जास्त सापडतो.